टोकावरून मोजलेली काडतुसं

हार्लनने काडतूस कॅलिपरच्या जबड्यात धरलं, आकडा पाहिला आणि ते डावीकडच्या ट्रेमध्ये ठेवलं. पुढचं घेतलं. तोच आकडा. त्याच्या पुढचंही तसंच. सगळ्या गोळ्या पुंगळ्यांत सारख्याच खोल बसाव्यात म्हणून हा माणूस जन्मभर मरमर मेला, आणि आज एखादी तरी चुकीची निघू दे म्हणून मनातल्या मनात गयावया करत होता.

गॅरेजमधली शेगडी धुमसत होती. त्याची बायको आर्लीन दाराशी स्टुलावर बसली होती, कॉफीचा मग दोन्ही हातांनी धरून. हल्ली तिला एका हाताने धरवत नसे. हजार यार्डांच्या नेमबाजीत मोंटाना राज्यभर नाव असलेली बाई. काडतुसं भरायची हार्लनने आणि झाडायची तिने, असा त्यांचा संसार. पण या मोसमात तिच्या गोळ्या निशाणावर कुठेही जाऊन बसत होत्या. गेल्या रविवारी तर एक निशाणाच्या फळीबाहेरच गेली.

"झालं का मोजून?"

"होतंय. घाई करू नकोस."

"हे बघ, दोष काडतुसांत असेल तर शनिवारी स्पर्धेला येते मी. माझ्यात असेल तर बंदूक उद्याच कुणाला तरी देऊन टाकू. दमले रे मी आता. पण थापा मारू नकोस."

हार्लनने शेवटचं काडतूस मोजलं. केसभरही फरक नव्हता. त्याची मान आखडली होती, डोळे चुरचुरत होते. तिच्याकडे न बघता तो म्हणाला, "माझंच चुकलंय."

"काय चुकलंय?"

"टोकावरून मोजली."

आर्लीन त्याच्याकडे बघतच राहिली. नवशिक्यांनी करावी अशी चूक! गोळ्यांची टोकं कधीच एकसारखी नसतात, मोजायचं ते गोळी पूर्ण जाडीला येते तिथून. हे ज्यांना कळत नाही त्यांची हार्लन क्लबात उभ्या उभ्या सालटी काढायचा. शेजारचा डेल्मर त्यांतलाच एक, आणि तो नेमका तेव्हाच आपलं ड्रिल मशीन परत न्यायला आत आला.

"काय, कुणी मेलंय का? तोंडं अशी का तुमची?"

"यालाच विचार," आर्लीन म्हणाली.

हार्लनचे कान लाल झाले. "या मोसमातली सगळी काडतुसं मी टोकावरून मोजून भरली."

डेल्मर असा खदाखदा हसला की खोकलाच लागला त्याला. "अरे देवा! तू? मला चारचौघांत 'आधी पट्टी धरायला शीक' म्हणणारा तू? थांब, शनिवारी माइकवरून सांगतो सगळ्यांना."

"सांग."

"सांगणारच! आर्लीन, नवरा बदल बाई."

ड्रिल काखेत मारून तो हसतच निघून गेला. हार्लन ट्रेमधली काडतुसं उगाच सरळ करत बसला.

"सकाळी तू सरपण आणायला गेला होतास ना," आर्लीन म्हणाली, "तेव्हा मोजली मी ती. सगळीच्या सगळी."

काडतुसं सरळ करणारा त्याचा हात थांबला.

"डेल्मरला फोन कर आणि खरं काय ते सांग. मरेपर्यंत चिडवतील तुला लोक."

"चिडवू देत."

"हार्लन, हात माझे गेलेत. तुझे नाहीत."

हार्लनने भिंतीवरच्या फळीवरून पुंगळ्यांतून गोळ्या सोडवायची प्लॅस्टिकची हातोडी काढली, तिच्यात एक काडतूस अडकवलं आणि ओंडक्यावर आपटलं. दोनदा, तीनदा. गोळी सुटली. आतली बंदुकीची दारू त्याने वाटीत ओतून घेतली.

"नव्याने भरतो," तो म्हणाला. "शनिवारला वेळ आहे."

इतकी सुरेख भरलेली काडतुसं! आर्लीनला त्याचा राग आला आणि रडूही आलं. ती तशीच बसून राहिली. त्याने दुसरं फोडलं, तिसरं फोडलं. मग तिने मग खाली ठेवला, स्टूल ओढून त्याच्या शेजारी नेलं आणि ट्रेमधलं पुढचं काडतूस उचललं. ते बोटांतून निसटलं. तिने पुन्हा उचललं आणि त्याच्यापुढे धरलं.

"हे घे," ती म्हणाली. "आणि या वेळी तरी नीट मोज."