वारस नसलेली कबर

१९९३ सालचा उन्हाळा. जुन्या जालन्यात निजामोद्दीनच्या घरी मुलीच्या, गौहरच्या, निकाहची लगबग चालली होती. त्याची म्हातारी आई अकबरबी दारात तांदूळ निवडत होती. समोरच्या पडक्या घुमटाखाली तिच्या घराण्याच्या मूळ पुरुषाची कबर होती. हबशांच्या मुलखातून गुलाम म्हणून आणलेला तो माणूस तलवारीच्या जोरावर सरदार झाला होता. दर जुम्मेरातीला, म्हणजे गुरुवारी, म्हातारी तिथे ऊद जाळायची.

पण 'हबशाची पोरगी' म्हणून गौहरला नकारांवर नकार आले होते. म्हणून आष्टीच्या बदरोद्दीनना, नवऱ्या मुलाच्या वडिलांना, निजामोद्दीनने 'आम्ही अरबांचे वंशज' असं ठोकून दिलं. त्याला हसू नका. याच पुरवणीच्या मागच्या पानावर 'वधू गोरी हवी' असं आपणच छापून आणतो!

एका दुपारी तो घुमट पाडून रस्ता रुंद करायला नगरपालिकेची माणसं आली. नेमके तेव्हाच बदरोद्दीन निकाहची उरलेली बोलणी करायला येऊन बसले होते.

"अकबरबी, ह्या हबशाच्या कबरीवर तुम्हीच ऊद जाळता न्हवं?" मुकादम शिवाजीने विचारलं. "कुनी वारस असंल तर बोला. सायबाला सांगून काम थांबवतो. न्हाईतर आत्ताच पाडून राह्यलो."

अकबरबी उठली. निजामोद्दीनने तिचा हात घट्ट धरला आणि कानाशी पुटपुटला, "अम्मा, नक्को. पोट्टी घर में बैठ जाएगी."

म्हातारीने पडद्याआडच्या नातीकडे पाहिलं आणि ती खाली बसली.

"वारस न्हाई कुनी," निजामोद्दीन म्हणाला. "फकिराची कबर समजून जाळत होती ती."

"बिलकुल पाडा," बदरोद्दीन हसले. "हबशाची निशानी इज्जतदार गल्लीत कशाला?"

निजामोद्दीनही हसला. त्या हसण्याची चीड येते, आणि त्याहून जास्त कीव येते. संध्याकाळपर्यंत घुमट भुईसपाट झाला.

निकाह लागला. निघताना गौहर आजीच्या गळ्यात पडली. "दादी, उस कबर में जो थे, उनका नाम तो बता दो मेरेकू."

नाव, गाव, कुठल्या बंदरावर तो विकला गेला, सगळं एकट्या अकबरबीला ठाऊक होतं. तिने नातीच्या सावळ्या गालावरून हात फिरवला.

"कोई नहीं था, बेटी. हमारा कोई नहीं था."

त्याच पावसाळ्यात अकबरबी वारली. आता ते नाव जालन्यात कुणालाच ठाऊक नाही.