कपाटातल्या भुंगेऱ्याचं नाव

प्राध्यापकीणबाईंचा त्या पोरीवर दात होता. पोरगी म्हणजे प्राध्यापकांच्या प्रयोगशाळेत नव्याने लागलेली संशोधक. प्राध्यापकांचा जन्म लाकूड पोखरणाऱ्या किड्यांत गेला, तो बाईंनी खपवून घेतला होता. पण हल्ली ते भर जेवणात फोनवर तिच्याशी ग्रीक झाडायचे. झायलॉन म्हणजे लाकूड, फॅगस म्हणजे खाणारा, म्हणून झायलोफॅगस. आणि मग दोघंही खिदळायचे. सरळ लाकूडखाऊ म्हटलं असतं तर जीभ झडली असती का? बाईंच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

त्यात तो भुंगेरा निघाला. बाईंच्या आईने दिलेल्या कपाटाखाली पिठासारखा भुसा पडू लागला, तेव्हा बाईंनीच त्याला डबीत पकडला. पोरीने तपासला, तर जगाला ठाऊकच नसलेला! आता नाव ठेवायचं होतं प्राध्यापकांनी. स्वतःचं ठेवायचं नाही, एवढाच त्या लोकांचा दंडक. म्हणजे तिचं ठेवायला रान मोकळं. किडा माझा, नाव माझंच हवं, असं बाईंना फार फार वाटायचं, पण बोलणार कोण?

त्यांनी नवऱ्याच्या पुस्तकातून गुपचूप एक शब्द उचलला आणि भांडी घासताना घोकला. भुंगेऱ्याला नाव देणारा शोधनिबंध छापून आला त्या दिवशी पोरगी जेवायला आली.

"काय हो, हा सॅप्रोझायलिक नाही ना?" वाढता वाढता बाईंनी टाकलं. "कुजकं लाकूड खायला माझं कपाट काही कुजलेलं नाही."

पोरगी उडालीच. "काकू, तुम्हाला येतं हे? सर, काकूंचंच नाव द्या म्हणून मी किती मागे लागले! तुम्ही म्हणालात, तिला काडीचा रस नाही."

बाई ओशाळल्या. जिच्या नावाने इतके दिवस बोटं मोडली, ती आपल्याच बाजूने भांडली होती. तिच्या ताटात घाईघाईने वाढून त्या नवऱ्याकडे वळल्या.

"मग हिचं दिलंत?"

"छे! हिचं कशाला?"

"मग कुणाचं?"

प्राध्यापक लाजत हसले. "आईचं."

"कुणाच्या?"

"माझ्या."

सासूबाई हयातभर त्या कपाटाला अडगळ म्हणत आल्या होत्या. पोरीचा हेवा परवडला असता. पोरगी उद्या दुसरी नोकरी धरून गेली असती. सासूबाई मात्र आता जगाच्या अंतापर्यंत बाईंच्या आईचं कपाट खात राहणार होत्या.