गप्प पोरं आधी

मलेरियाने दगावलेल्या मुलांच्या पाच वर्षांच्या फायली काढून द्या, असं नवी डॉक्टरीण म्हणाली तेव्हा माझं डोकंच सणकलं. केसपेपरची खिडकी सांभाळू की रेकॉर्डरूममधली धूळ खात बसू?

"पोरी, जुनी मढी उकरून कुणाचं भलं झालंय?" मी तोंडावरच विचारलं.

"मावशी, कोणती मुलं दगावतात ते कळलं, तर पुढची वाचतील. आणि हो, बरी झालेल्यांच्याही फायली लागतील."

म्हणजे काम दुप्पट!

तीन आठवडे, दुपारी खिडकी बंद झाली की आम्ही दोघी बसायचो. ती विचारायची, मी वाचून दाखवायची. तळहात पांढरे होते का, श्वास खोल होता का, रक्तातली साखर किती, आधाराशिवाय बसता येत होतं का. ताप सगळ्यांनाच होता, बरी झालेल्यांनाही. पण दगावलेल्यांचं पान उलटावं तर 'बसू शकत नाही', 'बसू शकत नाही'. एका फाईलमध्ये लिहिलं होतं, 'नंबर येईपर्यंत मूल शांत होतं.' ती रांग माझी होती. तो नंबर मी दिला होता.

पुढच्या सोमवारी सकाळीच रांग दाराबाहेर गेली. पहिल्याच पोराने असं भोकाड पसरलं होतं की मला माझा आवाज ऐकू येईना. नंबराच्या चिठ्ठ्या वाटत मी शेवटाला गेले. तिथे एक आई होती, खांद्यावर दोनेक वर्षांची मुलगी. एकेचाळीस नंबर.

"काल फार रडली," आई समाधानाने म्हणाली. "आता डोळा लागलाय. उतार पडला वाटतं."

मी बाकाकडे बोट दाखवलं. "तिला बाकावर बसव."

"अहो, झोपमोड होईल."

"बसव म्हणते ना!"

तिने बसवलं. मुलगी ओल्या फडक्यासारखी कलंडली. छाती मात्र भात्यासारखी वरखाली होत होती.

मी तिला उचललं आणि या वयात धावत सुटले. "आम्ही काय इथे गोट्या खेळायला आलोय?" मागून कुणीतरी ओरडलं. डॉक्टरिणीने बोटातून रक्ताचा थेंब घेतला, साखर पाहिली आणि तिचा चेहराच उतरला. मग शिरेतून ग्लुकोज, मलेरियाचं इंजेक्शन, दुपारी रक्ताची बाटली. आई भिंतीला टेकून एकच घोकत होती, "मला वाटलं झोपलीय."

"मलाही वाटायचं गं," मी म्हणाले. "इतकी वर्षं."

तिसऱ्या दिवशी सुई दिसताच त्या मुलीने वॉर्ड डोक्यावर घेतला. आई ओशाळली. "मावशी, गप्पच बसत नाहीये हो."

"रडू दे. घसा बसेपर्यंत रडू दे," मी म्हणाले, आणि माझंच रडू आवरेना.

आता चिठ्ठी देण्याआधी मी प्रत्येक मूल बाकावर बसवून बघते. बसलं नाही, तर नंबरबिंबर काही नाही, थेट आत. परवा एक बाप भडकला.

"आमचं पोरगं तासभर केकाटतंय, आणि ते गप्प पोर आमच्या आधी?"

"केकाटतंय म्हणूनच मागे," मी म्हणाले. "नशीब समजा, आणि उभे राहा."