घड्याळजीचा हात

आमच्या संपादकांचं एकच पालुपद असतं: पहिल्या ओळीत माणूस पाहिजे. विषय कृष्णविवराचा असो की कांद्यावरच्या बुरशीचा, माणूस पाहिजे, त्याला अडचण पाहिजे आणि शेवटी वाचकाच्या डोळ्यांत टचकन पाणी यायला पाहिजे. विज्ञानाची पुरवणी सांभाळून मी इतकी थकले आहे की हल्ली पाणी माझ्याच डोळ्यांत येतं.

या खेपेला माणूस आयताच मिळाला. हात थरथरण्याच्या आजारावर नव्या औषधाची चाचणी चालली होती. निम्म्या रुग्णांना औषध, निम्म्यांना तशीच दिसणारी साखरेची गोळी. कुणाला काय मिळतंय हे शेवटपर्यंत ना रुग्णाला ठाऊक, ना डॉक्टरांना. त्यातल्या एका म्हाताऱ्या घड्याळजीने माझ्यासमोर चिमट्यात तिळाएवढा स्क्रू धरला आणि घड्याळात बसवला. लेख मी तिथेच सुरू केला, तिथेच संपवला. मधे कुठेतरी ‘निकाल यायचे आहेत’ हे वाक्य होतं, घालायचं म्हणून घातलेलं.

माझा मसुदा सगळ्यांच्या आधी ताई वाचते. तिला समजला की जगाला समजला. ताईने जन्मभर कपडे शिवले. आता तिचाही हात थरथरतो. लेख वाचून तिने कागद घडी करून ठेवले. थरथर थांबवण्यासाठी करायच्या डोक्याच्या ऑपरेशनची मोठ्या मिनतवारीने मिळालेली तारीख मात्र तिने भावोजींना फोन करायला लावून रद्द केली. मला ते त्यांच्याकडूनच कळलं.

आज चाचणीच्या डॉक्टरीणबाईंचा फोन आला.

“औषधाचा काही उपयोग नाही. दोन्ही गटांत सारखंच. आणि तुमचा तो घड्याळजी साखरेवर होता.”

“अहो, पण त्याचा हात थांबला होता. मी पाहिलाय!”

“थांबतो कधीकधी, नुसत्या आशेने. टिकत नाही.”

संपादकांना सांगितलं, तर म्हणाले, “मग नायक बदला. औषध घेतलेला कुणीतरी बरा असेलच की.”

“असेल. पण औषधाने नाही.”

“वाचकाला काय करायचंय त्याच्याशी?”

मी पर्स उचलली. भांडायलाही अंगात त्राण लागतं.

ताई खिडकीशी मशीनसमोर बसली होती. सुई ओवायची खटपट चालली होती, दोरा नेढ्याच्या आजूबाजूला भटकत होता.

“औषध येईपर्यंत हाताची सवय मोडायला नको,” ती म्हणाली.

मी सरळ सांगून टाकलं. आधी निकाल, मग बाकीचं. माझी मला इतकी लाज वाटत होती की तिच्याकडे बघवेना.

“म्हणजे साखर खाऊन त्याचा हात थांबला?”

“हो. त्याला ते औषधच वाटत होतं.”

“खरं कळलं नाही तोवर?”

“हो, ताई.”

तिने दोरा खाली ठेवला. “मग मला कशाला सांगितलंस?”

मी तो दोरा उचलून सुईत ओवून दिला.

तिने फोन माझ्याकडे सरकवला.

“लाव दवाखान्याला. तारीख परत माग. मला आकडे दाबवत नाहीत.”