गिरकी कोणाची

१. स्टेपचे नाव
आताची पोरं तिला ‘गिरकी-उडी’ म्हणतात. आमच्या वेळी तिला नाव नव्हतं. नावं ठेवत बसायला वेळ कोणाला, ओल्या चादरींचा ढीग पडलेला असायचा.

२. स्टेप प्रथम कोणी केली?
नाचाच्या संग्रहालयाच्या बाई, इथे तुम्ही एकच ओळ ठेवलीत आणि आमच्या घरात भांडण लावलंत. धाकट्या भावाने हा फॉर्म आणला तेव्हा त्या ओळीवर पेन्सिलने त्याचं नाव आधीच होतं. “ताई, तू खाली साक्षीदार म्हणून सही कर फक्त.” भावाचा डान्सचा क्लास आहे. पोस्टरवर नावाआधी ‘गिरकी-उडीचे जनक’ छापलंय. मी हॉस्पिटलच्या धुलाईघरात इस्त्रीच्या यंत्रावर असते. माझं पोस्टर नाही.
मी नाव खोडलं. त्याने रबर हिसकावलं. वय वर्षे अनुक्रमे एकावन्न आणि सत्तेचाळीस. ओळ सध्या रिकामी ठेवते.

३. उगम (थोडक्यात)
थोडक्यात: जुन्या धुलाईघरातली, ओल्या चादरी वाहायची ढकलगाडी. तिला ब्रेक नव्हता. वळणावर डावा पाय रोवायचा आणि गाडीसकट गरकन फिरायचं, दिवसातून पन्नास-साठ वेळा. रेडिओ चालू असला की मी त्यात खांदेही घालायचे. भाऊही तेव्हा तिथेच कामाला, समोरच्या टेबलावर चादरींच्या घड्या घालायचा. घड्या कमी, बघणं जास्त. सुट्टी झाली की पार्किंगमध्ये पोरं गोल करून एकेक जण मध्ये नाचायची, त्या रिंगणात तो तेच करून टाळ्या घ्यायचा. मी का नाही गेले? आई म्हणायची, पोरी रिंगणात उतरत नाहीत. आईने रिंगण कधी पाहिलं नव्हतं, पण मत पक्कं होतं.

४. स्टेपचा अर्थ
हा रकाना भावाने शाईने भरलाय, मला खोडता आला नाही. ‘गिरकी म्हणजे व्यवस्थेने घेरलेला माणूस. शेवटची उडी म्हणजे विद्रोह.’

५. वाद असल्यास तपशील
आहे. रविवारी सकाळी, त्याच्याच क्लासमध्ये. रिंगणाचा नियम असा, की दुसऱ्याची चाल केली तर कोणाकडून घेतली ते सगळ्यांसमोर सांगायचं. न सांगेल तो चोर. हा नियम भावानेच मोठ्या अक्षरांत भिंतीवर लावलाय.
“आल्या ताईसाहेब,” तो म्हणाला. “गुडघे आणलेत ना?”
“एक आणलाय. तुला तेवढा पुरे.”
पोरं गोल करून बसली. त्याने गिरकी घेतली, उडी मारली. खोटं कशाला बोलू, सुरेख मारली.
“उडी कशासाठी?” मी विचारलं.
“विद्रोह.”
“कोणाविरुद्ध?”
“व्यवस्थेविरुद्ध, ताई. फॉर्मवर लिहिलंय ना मी.”
“अरे गाढवा, त्या वळणावर गटाराचं झाकण होतं. चांगलं दोन बोटं वर आलेलं. ठेच लागू नये म्हणून मी उडी मारायचे. तुझ्या बाजूने ढकलगाडी आड यायची, तुला झाकण दिसलंच नाही. पुढे ते नीट बसवलं, मी उडी सोडली. तू अजून मारतोयस.”
पुढे बसलेली एक मुलगी म्हणाली, “सर, म्हणजे आम्ही चार वर्षं गटार ओलांडतोय?”
“तुम्ही चार,” मी म्हटलं. “सर तीस.”
त्याला हे नाकारता आलं असतं. ते जुनं धुलाईघर पाडून तिथे आता नवीन इमारत आहे, झाकण दाखवायला मी कुठून आणणार होते? त्याने कपाळ पुसलं. भिंतीकडे बघितलं, पोरांकडे बघितलं, आणि दवाखान्यात दुखणं सांगावं तशा आवाजात म्हणाला, “ही चाल मी माझ्या बहिणीकडून घेतली.”
एवढं सरळ बोलेल असं वाटलं नव्हतं, पुढचं भांडण तयार करून आले होते.
“पण झाकण नसताना मारलेली उडी माझी,” तो म्हणाला.
मी फॉर्म त्याच्यापुढे सरकवला आणि साक्षीदाराच्या ओळीवर बोट ठेवलं.

६. साक्षीदाराची सही
त्याची आहे. वाचता येत नसेल तर फोन करा, रुसला की तो अशीच करतो. दुसऱ्या रकान्यात गिरकीपुढे माझं नाव घाला, उडीपुढे त्याचं. ओळ पुरत नसेल तर ओळ वाढवा.