आद्याक्षराप्रमाणे

“सत्तर कसा होईल, अक्का? आमचा दुसरा नंबर होता की.”

काउंटरच्या काचेपलीकडे स्पंदना उभी होती. मागच्या बाकावर तिचे सासरे शंभूराव भिंतीला डोकं टेकून बसले होते. पाय इतके सुजलेले, की चपला काढून शेजारी ठेवल्या होत्या.

“ऐकण्यात चूक झाली असेल,” म्हणत गोदाने कॉम्प्युटरवर यादी उघडली. शंभूराव, येलवाल. सत्तर.

“तुम्हीच सांगितलं ना? दोन मशीन रिकामी झाली, की तुमचंच, म्हणालात. मामंजी रोज विचारतात, फोन आला काय म्हणून.”

गोदा यादीच्या वरच्या टोकाला गेली. पहिलं नाव अंबाजीराव. त्यांनी तर गेल्याच महिन्यात नाव नोंदवलं होतं, आणि पुढे ‘मशीन मिळालं’ असा शेरा. खाली अमूल्या, तीही नवीनच, तोच शेरा. त्याखाली आनंद, अनसूया, अश्वत्थ. इंग्रजीत सगळी ए पासूनची नावं. गोदाचा हात माऊसवरच राहिला.

बन्नीमंटपजवळच्या या धर्मादाय डायलिसिस केंद्रात ती चौदा वर्षं कारकून होती. टाइपरायटरवर शिकलेली बाई पंचेचाळिशीत क्लास लावून कॉम्प्युटर शिकली. तिच्या कागदावर खाडाखोड नसे, याचा तिला अभिमान होता. तीन आठवड्यांपूर्वी नवे मॅनेजर सुधींद्र म्हणाले, “गोदाम्मा, कुणी फोन केला की नाव शोधायला वेळ जातो. यादी अल्फाबेटिकल करून टाका.” तिने सगळी नावं निवडली आणि ए-झेड लिहिलेलं बटण दाबलं. त्र्याऐंशी नावं डोळ्यांदेखत ओळीत उभी राहिली. किती सुबक दिसलं ते! फाइल सेव्ह केली, भिंतीवरचा जुना कागद फाडून नवा लावला. अनुक्रमांक कॉम्प्युटरच घालत असे. नावं हलली, तरी आकडे जागच्या जागी एक ते त्र्याऐंशी. कोण आधी आलं, कोण नंतर, ते त्या एका बटणाबरोबर पुसलं गेलं होतं. त्यानंतर दोन मशीनवर जागा झाली. दोन्ही वेळा तिने यादीत शिल्लक असलेलं सगळ्यात वरचं नाव पाहून फोन केला होता.

“स्पंदना,” ती म्हणाली, “चूक माझी आहे. तुझ्या सासऱ्यांची पाळी मी दुसऱ्याला दिली.”

स्पंदनाने मागे बाकाकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, “त्यांना नका सांगू हे. आठवड्याला एकदाच करतोय आम्ही, दुसरीकडे पैसे भरून. तीनदा व्हायला पाहिजे म्हणतात.”

सुधींद्रने सगळं ऐकून घेतलं आणि केबिनचं दार लोटलं. “कुणाला कळलंय?”

“मला कळलंय, सर.”

“मग तुमच्यापाशीच राहू द्या. अंबाजीरावांना आता मशीनवरून उठवणार काय तुम्ही?”

“नाही. ते कसं करायचं? पण पुढचं तरी नीट व्हायला पाहिजे.”

नाव नोंदवताना प्रत्येकाला तारखेची चिठ्ठी दिलेली असे, पण तिची प्रत केंद्रात ठेवत नसत. गोदाने एकेकाला फोन लावायला घेतले. कुणाची चिठ्ठी हरवलेली, कुणी तारीख मागे सरकवून सांगितली. सरगूरचा एक माणूस नुसता रडला. तीन घरांतून कळलं, की आता गरज उरलेली नाही. ती नावं तिने खोडली. यांतलं कोण पाळीची वाट पाहत गेलं, हे तिला कोण सांगणार? चौथ्या दिवशी हाताने लिहिलेली यादी तयार झाली. खाडाखोडीने भरलेली. तिच्या खाली तिने लिहिलं, ‘आधीच्या यादीत माझ्याकडून चूक झाली. गोदा, कारकून.’ आणि ती भिंतीवर लावली. लोक वाचत, काचेतून तिच्याकडे बघत. एका म्हातारीने शिव्याही दिल्या. गोदा खुर्चीवरून उठली नाही.

त्याच शनिवारी कळलं, की एक पेशंट मुलाकडे हुबळीला कायमचा जातोय. सोमवारपासून एक मशीन मोकळं. यादीतल्या पहिल्या माणसाला दुसऱ्या केंद्रात जागा मिळाली होती, म्हणजे पाळी शंभूरावांची. “तुमच्या सहीवर करा,” सुधींद्र म्हणाले. तिने सही केली.

येलवालचा फोन लागेना. रविवारी सकाळी ती तिकडे जायला हुणसूरच्या बसमध्ये बसली. पाळी आल्याचं सुनेकडून नाही, स्वतः शंभूरावांना सांगायचं, असं ठरवून.

घरापुढे चपलांचा ढीग होता. आत बायकांचा आवाज. गोदा पायरीपाशीच थांबली. स्पंदना बाहेर आली. पदर खोचलेला, डोळे कोरडे.

“पहाटे गेले,” ती म्हणाली.

गोदाने दाराकडे बघून हात जोडले.

“मशीन मिळालं म्हणून सांगायला आला होता काय?” स्पंदनाने विचारलं.

गोदाने होकाराची मान हलवली.

स्पंदना अंगणात बघत राहिली. आत कुणीतरी तिला हाक मारत होतं. “मग ते मशीन रिकामं नका ठेवू, अक्का. मामंजींच्या मागे कोण आहे?”

गोदाने पिशवीतून घडी घातलेला कागद काढला. “नरसिंहराव. लष्कर मोहल्ला.”

“करा फोन त्यांना. इथे रेंज नाही. त्या नारळापाशी जावं लागतं.” एवढं बोलून ती आत गेली.

गोदा नारळापाशी गेली, चष्मा पुसला आणि नंबर लावला. पलीकडे एक बाई होती. तिला खरंच वाटेना. “नक्की आमचाच नंबर काय हो? परत एकदा बघता?”

गोदाने कागदावर बोट ठेवलं. तिसरी ओळ. वरच्या दोन ओळी तिने पुन्हा वाचल्या.

“बघितलं,” ती म्हणाली. “तुमचाच आहे. उद्या सात वाजता या.”