शंभरातले दहा

दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी फॉरमॅटकाकांचा फोन वाजला. मुलीचा होता. याआधीचा तिचा फोन चौदा महिन्यांपूर्वी आला होता. काकांनी ओले हात सदऱ्याला पुसले, चष्मा लावून नाव पुन्हा एकदा वाचलं आणि मगच फोन उचलला.

"बाबा, कामात आहात?"

"छे गं. एक ताट विसळत होतो. बोल."

"लॅपटॉप बसलाय."

"कुठला? तोच?"

"तोच. आता हसू नका."

काका हसले नव्हते. एका विमा कार्यालयातले कॉम्प्युटर एकतीस वर्षं सांभाळून ते निवृत्त झाले होते. 'फॉरमॅटकाका' हे नावही तिथेच पडलं होतं. कुणाचंही यंत्र कुरकुरायला लागलं की काका यायचे, दोन मिनिटं गाऱ्हाणं ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "फॉरमॅट मारू." सगळं पुसून नव्याने भरलं की यंत्र सुधारायचं, हे खरंच. घरी आता ते एकटेच होते. कपाटाच्या दोन फळ्या इन्स्टॉलेशनच्या डिस्कांनी भरल्या होत्या, प्रत्येक डिस्कवर बारीक अक्षरात तारीख. पण मुलगी रेल्वेने अकरा तासांवर राहत होती, तिच्या लॅपटॉपचा डिस्कचा खण उघडत नव्हता आणि पेन ड्राइव्हची दोन्ही भोकं कॉफी सांडून निकामी झाली होती.

"सुरू तरी होतो का?"

"होतो. दहा मिनिटं रांगतो, मग डोळे पांढरे करतो."

"दुकानात दाखवलास?"

"दाखवला की. तो म्हणाला, मॅडम, फॉरमॅट मारावा लागेल."



चौदा महिन्यांपूर्वी काका तिच्याकडे चार दिवस राहायला गेले होते. पत्नीला जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. मुलगी दिवसभर कामावर. रिकामं बसवेना म्हणून त्यांनी तिचा लॅपटॉप उघडला आणि न विचारता नव्याने लावून दिला. सगळ्या फायली नीट बाजूला काढून ठेवल्या होत्या. फक्त 'नवीन फोल्डर ३' नावाचं एक फोल्डर पुसलं जाऊ दिलं, कारण असल्या नावाखाली कुणी कामाचं काही ठेवत नाही, असं त्यांचं एकतीस वर्षांच्या अनुभवाचं मत होतं. त्यात तिच्या आईने दवाखान्यातून स्वतःच्या आवाजात पाठवलेले अकरा निरोप होते. काका घरी परतल्यावर तिसऱ्या दिवशी मुलीचा फोन आला. ती ओरडली नाही. "तुम्ही विचारत का नाही, बाबा?" एवढंच म्हणाली. त्यानंतर आजचा फोन.

"त्याच्यावर आता काय काय आहे?" काकांनी विचारलं.

"डी ड्राइव्हवर माझं सगळं काम आहे. निवृत्त नर्सेसच्या मुलाखती. एकशे बारा. त्यातल्या चौघी तर आता नाहीतही."

"कॉपी?"

"असती तर दुकानदारालाच म्हटलं असतं, मार बाबा काय मारायचंय ते."

"बरं." काकांनी खुर्ची ओढली. "दुसरी सिस्टिम घालू. लिनक्स. हलकी असते, जुन्या यंत्राला पेलते. जुनी सिस्टिम असलेला सी पुसायचा, तुझं काम असलेला डी राहू द्यायचा. चालेल तुला?"

"चालेल. पण डिस्क नाही, पेन ड्राइव्ह नाही, घालणार कुठून?"

"आहे त्यातूनच. इंटरनेटवरून दोन लहान फायली उतरवायच्या, सीवर ठेवायच्या. यंत्र सुरू होताना यादी येते ना, तिच्यात एक ओळ वाढवायची. ती ओळ निवडली की इन्स्टॉलर स्वतः मेमरीत चढून बसतो. मग खालचा सी पुसला तरी त्याचं काही बिघडत नाही. बाकीचा माल तो इंटरनेटवरून मागवतो."

"बसलेल्या फांदीवर कुऱ्हाड."

"आधी उडी मारतो ना तो. करू?"

"करू," ती म्हणाली. तिचा आवाज थोडा सैल झाल्यासारखा काकांना वाटला.

फायली उतरवायला तीन खेपा लागल्या, कारण यंत्र मधेच अडकायचं. तिने फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला होता. काकांना तिकडचं सगळं ऐकू येत होतं. पंखा, खुर्ची सरकल्याचा आवाज. एकदा टेबलावर कप ठेवल्याचा आवाज आला आणि लगेच दुसरा कप ठेवल्याचा. एक पुरुषी आवाज हळूच म्हणाला, "झालं का?" आणि ती म्हणाली, "श्शू."

आज प्रत्येक गोष्ट विचारून करायची, असं काकांनी ठरवलं होतं. ही मात्र विचारता आली नाही.

"बाबा, आहात ना?"

"आहे, आहे. आता लिही. सी, कोलन, बॅकस्लॅश."

"तो कुठला? उजवीकडे झुकलेला की डावीकडे?"

"डावीकडे."

"माझ्या डावीकडे की तुमच्या?"

"अगं, स्लॅशला तुझं-माझं नसतं!"

ती हसली. चौदा महिन्यांनी. काकांनी ती ओळ तिला उगाचच दोनदा वाचून दाखवायला लावली.

पावणेचारला तिने यंत्र बंद करून सुरू केलं. यादीत नवी ओळ आली. तिने ती निवडली. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं धावली आणि मग निळी चौकट आली. पुढे भाषा, कीबोर्ड, इंटरनेटची वायर, सगळं एकेक करून ती वाचत गेली, काका सांगत गेले. प्रत्येक वेळी ते म्हणत होते, "एंटर मारायच्या आधी वाच." चार वाजून वीस मिनिटांनी हार्ड डिस्कचे भाग विचारणारा पडदा आला.

"दोन भाग दाखवतोय," ती म्हणाली. "एक आणि दोन. सी-डी असं काही लिहिलेलंच नाही."

"नसतंच. आकार सांग, आकारावरून कळेल."

"एकशे साठ. आणि एकशे साठ."

ती वाटणी त्यांचीच होती. चौदा महिन्यांपूर्वी, भावाभावांत करतात तशी, बरोब्बर निम्मी. विमा कार्यालयातही ते तशीच करायचे, दिसायला नीट दिसते म्हणून. सिस्टिम ते नेहमी पहिल्या भागात टाकायचे. पण त्या दिवशी डिस्कच्या सुरुवातीचा काही भाग खराब निघाला होता आणि सिस्टिम दुसरीकडे टाकावी, असं त्यांच्या मनात आलं होतं. नुसतं मनात आलं होतं की तसं केलंही होतं, ते आठवत नव्हतं. जुनी सिस्टिम चालू होती तेव्हा हे दोन मिनिटांत पाहता आलं असतं. त्यांनी विचारलंच नव्हतं.

"बाबा?"

"थांब. काही दाबू नकोस. एक आज्ञा देतो, आत डोकावून बघू."

आज्ञा दिली. इन्स्टॉलरला जुन्या सिस्टिमच्या फायली वाचताच येत नव्हत्या. मग तिने यंत्र पुन्हा सुरू करून जुनी सिस्टिम निवडली. पडदा काळा राहिला. पुन्हा केलं. पुन्हा काळाच. इन्स्टॉलर मात्र निमूट सुरू होत होता. पंधरा मिनिटांनी ती परत त्याच पडद्यापाशी आली. एक आणि दोन.

"तुमचा अंदाज काय?"

"सी म्हणजे एक."

"खात्री?"

विमा कार्यालयात हा प्रश्न त्यांना कुणी विचारला की ते समोरच्याच्या हातून माउस काढून घ्यायचे.

"शंभरात नव्वद," काका म्हणाले.

"आणि दहा?"

पंखा फिरत होता. त्यांच्या घरातला की तिच्या, ते कळत नव्हतं.

"बंद कर," काका म्हणाले.

"काय?"

"बटण दाबून धर आणि बंद कर. अजून डिस्कवर काही पुसलेलं नाही. आहे ते सगळं आहे."

"अहो, मग अडीच तास आपण काय केलं?"

"काही नाही. गेले ते. मला आठवत नाहीये, बाळा. मी ती वाटणी कशी केली होती, ते मला आठवत नाही."

तिकडून बटणाचा खट्ट आवाज आला.

"झाला बंद. आता?"

"उलटा कर. खाली एक झाकण असेल, चार स्क्रूंचं. त्याच्या आत हार्ड डिस्क. ती काढून दुसऱ्या यंत्राला लावायची आणि नुसतं बघायचं. दुकानदारही करेल. समोर उभी राहा, त्याला म्हणावं, फक्त बघ. नाहीतर इकडे पाठव. बघीन आणि फोन करीन. तू हो म्हणेपर्यंत हात लावणार नाही."

"आधी निघू तर द्या," ती म्हणाली. मग फोनपासून तोंड फिरवून, "अरे, तो चष्म्याचा स्क्रू-ड्रायव्हर कुठाय?"

पहिला स्क्रू लगेच निघाला. दुसऱ्याला वेळ लागला. तिसरा तिच्या हातून खाली पडला. शोधाशोध झाली, दोघांच्या शोधण्याचा आवाज आला आणि तो सापडला.

"चौथा नुसता जागच्या जागी फिरतोय, बाबा. वर येतच नाही."

"वरून दाबू नकोस. झाकण किंचित उचलून धर आणि मग फिरव."

"मग दोन्ही हात लागतील. ठेवते. निघाला की करते."

"कर," काका म्हणाले. तोवर फोन बंद झाला होता. पाच वाजून दोन मिनिटं झाली होती.

फोनची बॅटरी संपत आली होती. काकांनी तो चार्जिंगला लावला. वायर आखूड होती, म्हणून खुर्ची भिंतीपाशी ओढून ते बसले. सव्वासात वाजता ते तिथेच होते. फोन आलेला नव्हता.